मरणपंथाला लागलेल्या विणकरणीचं पत्र

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सात ऑगस्टला हातमाग दिन. त्या दिवशीच्या आपल्या पुरवणीत 'मरणपंथाला लागलेली करवती' असा मथळा देऊन आमच्या करवतकाठी साडीवर अर्धं पान मजकूर आला. बातमीदार ताई आमच्या तांडापेठेत येऊन गेल्या होत्या. तासभर बसल्या, चहा घेतला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पाहिले, चांगल्या बोलल्या. म्हणून हे पत्र भांडायला लिहीत नाही. पण त्या पानामुळे माझी एक ऑर्डर गेली, आणि पानावर जो फोटो छापला ती करवती नव्हतीच. हे दोन्ही कुठंतरी नोंदवल्याशिवाय माझं चित्त धोट्यावर बसेना.

आधी फोटोचं. गुलाबी साडी, काठावर देवळाच्या कळसासारखे त्रिकोण, खाली ओळ : 'नागपूरची करवती'. माझ्या नणंदेनं लगेच विचारलं, "वहिनी, ही तू विणली का?" म्हटलं, मीही नाही आणि कोणाच्याच हातानं नाही. ही यंत्रमागाची आहे. कशावरून? फोटोत पदराचं एक टोक उलटं पडलंय, तिथं कापलेल्या धाग्यांची लव दिसते. तेवढं पुरे.

खऱ्या करवतीत तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी होडकी, चालतात. डाव्या काठाचा एक, उजव्या काठाचा एक आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा बाणा (आडवा धागा) काठातच फिरतो, अंगाचा अंगातच, आणि जिथं दोघं भेटतात तिथं एकमेकांत अडकून माघारी जातात. दर फेरीला ही भेटायची जागा दोन-दोन धागे आत सरकवायची, ठरल्या ठिकाणी पोचली की तशीच बाहेर आणायची. असा एक दात होतो. सुताराच्या करवतीसारखे हे दात, म्हणून करवती. काठाला काठाचाच ताणा (उभा धागा) आणि काठाचाच बाणा, त्यामुळे लाल असेल तर रक्तासारखा लाल दिसतो, आणि उलटून पाहिलं तरी दात तसेच. यंत्रमागावर एकच बाणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. काठाच्या लाल ताण्यात अंगाचा पांढुरका बाणा मिसळला की लाल फिकट पडतो, आणि दात वरून जादा धागे टाकून काढावे लागतात. तेच मागून कापलेले असतात. एवढी खूण तुमच्या वाचकांना सांगितली असती तरी पुरवणीचं सोनं झालं असतं. हातमागासाठी कापडाचे काही प्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ चा आहे. आधी २२ प्रकार होते, आता ११ उरलेत, पण साडी अजून त्यात आहे. गांधीबागेच्या कापडबाजारात चक्कर मारा आणि कायदा कुठल्या दुकानात सापडतो ते पाहा.

आता ऑर्डरीचं. पुण्याच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी नऊवारी सांगितली होती. मी चाळीस टक्के आगाऊ घेते. त्याशिवाय सूत आणता येत नाही. त्या पैसे पाठवणारच होत्या, तेवढ्यात कोणीतरी तुमच्या पानाचा फोटो त्यांना व्हॉट्सअॅपवर धाडला. त्यांचा फोन आला, अगदी मऊ आवाजात : "ताई, तुमचं बंद पडतंय म्हणे. मग साडी वेळेत होईल का? पैसे अडकायला नकोत." मी म्हटलं, अहो, बंद पडायला मी काय गिरणी आहे? पण नाही आलेच पैसे. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकांनी विचारलं, "मदत म्हणून तुमच्याकडून एखादी साडी घ्यावी म्हणतो, साधारण दोन हजारांत बसेल अशी."

मरणाऱ्याला कोणी आगाऊ रक्कम देत नाही, संपादक साहेब. त्याला हार देतात. दरवर्षी ऑगस्टात तुम्ही लोक आम्हाला खांदा देता, आणि सप्टेंबरात मला त्याच गिऱ्हाइकांना पटवावं लागतं की मी आहे, माग आहे, लाइट बिल भरलेलं आहे.

मी तांडापेठेत सून म्हणून आले तेव्हा मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ च्या १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा पुकारा झाला त्या दिवशी सुरू झालेली जमशेटजी टाटांची ती मिल. मामाजी पाळी संपवून यायचे आणि घरच्या मागावर बसायचे. मिलचं कापड त्यांच्या लेखी पोटाचं होतं, मागावरचं इज्जतीचं. मिल बंद पडली, तिच्या जागी आता मॉल आहे, माग मात्र त्याच खड्ड्यात आहे.

आमच्यात बायकांनी कांड्या भरायच्या, रहाट फिरवायचा, पाजणीला, म्हणजे ताण्याला खळ लावायला, कुंचा घेऊन धावायचं. मागावर बाप्या माणूस. पण करवतीला तीन धोटे, आणि एका माणसाचे हात दोन. डाव्या काठाला कोणीतरी बसावंच लागतं. दीर नोकरीला लागले आणि त्यांची जागा रिकामी झाली, म्हणून मला बसवलं. पहिल्या दिवशी मी धागा ओढून ओढून काठ असा आवळला की कापड पन्हाळीसारखं झालं. मामाजी रागावले नाहीत. म्हणाले, "धाग्याले वढू नोको बाई. त्याले येऊ दे." बारा वर्षं मी डावीकडेच होते. ते अंथरुणाला लागले आणि मी मधे सरकले. अजूनही दारात येणारा पहिला प्रश्न असतो, "विणकर घरी आहेत का?"

आता माझं निम्मं काम जुन्या कापडाचं आहे. कोणाच्या आजीचं लुगडं रफू करून द्यायचं, कोणाला जुन्या काठासारखा काठ नव्या साडीला हवा असतो, कोणाला जुनीसारखीच अख्खी नवी. हे काम विणण्यापेक्षा वाचण्याचं जास्त. भिंग घेऊन इंचात किती धागे ते मोजायचं, शिवणीत दडलेला एखादा धागा काढून जाळून वास घ्यायचा, रंग उन्हात आणि घडीच्या आत असा दोन्हीकडे बघायचा. घडीच्या आत असतो तो खरा.

धरमपेठेतल्या एक मावशी त्यांच्या आजीचं लग्नातलं लुगडं घेऊन आल्या. काठ सुती, अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, मधासारखा त्याचा अंगचाच रंग. घड्यांवर कापड फाटलं होतं. कोशाचं कापड वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की तिथंच मरतं, म्हणून सहा महिन्यांनी घडी बदला हे मी प्रत्येकीला सांगते आणि एकही ऐकत नाही. मावशींना तसंच्या तसं नवं हवं होतं. मी ते पलंगावर पसरलं आणि दात मोजत गेले. उजवा काठ शिस्तीत. डावीकडे पदरापासून हातभर पुढं गेल्यावर दोन वितींपुरते दात वाकडे, एक लांब, एक आखूड, एक तर अर्ध्यातच सोडलेला. नंतर पुन्हा सरळ. मामाजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, पण नजर शाबूत होती. त्यांच्या पुढ्यात तो काठ धरला. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं पोरगं बसलं व्हतं. मंग बापानं उठवलं त्याले."

मावशींना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, ते वाकडे दातही तसेच हवेत. मी हो म्हटलं आणि फसले. एकदा हात बसला की तो मुद्दाम चुकत नाही. मी वाकडे दात विणले ते सुबक वाकडे झाले, रांगोळीतल्या नागमोडीसारखे. तीनदा उसवले. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या भाचीला डावीकडे बसवलं, सांगितलं, हा धोटा मी म्हणेन तेव्हा घाल आणि मोबाइल बाजूला ठेव. एका दुपारीत हवे तसे दात निघाले, अगदी त्या पोराच्या हातचे. तेव्हापासून ती रविवारी येते, दोनशे रुपये घेते, आणि आता तिचेही दात सरळ येऊ लागलेत, त्यामुळे पुन्हा कोणी वाकडे मागितले तर माझी पंचाईत आहे.

'ऐतिहासिक' या शब्दाचीही गंमत सांगते. एका नाटकवाल्यांना भोसलेकालीन शेला हवा होता, रघुजीराजांच्या दरबाराच्या देखाव्यासाठी. रंग कुठला? तर राणी गुलाबी. मी म्हटलं, साहेब, तिसरे रघुजी गेले १८५३ मध्ये, मागोमाग इंग्रजांनी राज्य खालसा केलं. रसायनातून काढलेला पहिला रंग, जांभळा, तो निघाला १८५६ मध्ये. तुमचा हा झगझगीत राणी त्याच्याही नंतरचा. म्हणजे नागपूरचं राज्य आधी बुडालं, मग तो रंग जन्माला आला. भोसल्यांच्या काळात इकडे लाल म्हणजे आलीचा लाल; आल म्हणजे मुळीतून रंग देणारं झाड. वऱ्हाड-नागपुराकडे आलीची शेती व्हायची, तिच्या मुळ्या खणून काढायच्या, त्यातही बारीक मुळीला जास्त भाव. त्या रंगाचा खारवा, म्हणजे जाडं कापड, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर अजून दिसतो. १८६९ पासून तसाच लाल कारखान्यात बनू लागला आणि हळूहळू आल शेतातून गेली. मला आल मिळत नाही, मी हिरडा आणि तुरटी देऊन मंजिष्ठात रंगवते. नमुना दाखवला. ते म्हणाले, "छान आहे, पण हा जुना वाटतो." काय बोलणार? शेवटी त्यांनी भाड्याच्या कपड्यांच्या दुकानातून चमचमता शेला आणला, आणि मला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. नाटक चांगलं होतं.

आता हिशेब. तुमच्या पानावर लिहिलंय की एक साडी 'दहा-बारा दिवसांत' तयार होते आणि 'दहा हजारांच्या वर' विकली जाते. वाचणाऱ्याला वाटेल, बाई महिन्याला तीस हजार कमावते. माझ्या वहीतलं एका सहावारीचं पान उतरवते. कोशाचं आणि काठाचं सूत ३,१०० रुपये. रंग, साबण, सोडा ४५०. ताणा जोडणाऱ्या सांधणीवालीला ७००. विकली ११,५०० ला. शिल्लक ७,२५०. मागावर दिवस गेले चौदा, म्हणजे रोजचे ५१८ रुपये. आमच्या गल्लीतला पुट्टी मारणारा पोरगा रोजचे आठशे घेतो, आणि दुपारी त्याला जेवायला घालावं लागतं ते वेगळं.

पण चौदा दिवस हे फक्त विणायचे. त्याच्या आधी काय? इतवारीच्या बाजारात सुतासाठी दोन खेपा, कारण पहिल्या खेपेला लडी एका रंगाची मिळत नाही. मग लडी उकडून रंगवणं, वाळवणं, कांड्या भरणं, काठाच्या सुती ताण्याची पाजणी, आणि सांधणी. जुन्या ताण्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचं टोक राख लावलेल्या बोटांनी पीळ देऊन जोडायचं. माझ्या साडीत साधारण ३,३०० टोकं असतात. सांधणीवाली आणि मी समोरासमोर बसतो, दोन दिवस, मानेला पाठ नाही नि पाठीला मान नाही. एक टोक चुकीच्या टोकाला जोडलं गेलं तर विणताना हातभर कापड झाल्यावर कळतं. या सगळ्याचे सहा दिवस धरा. वीस दिवसांत ७,२५०, म्हणजे रोजचे ३६२.

नुसत्या विणण्याचंही सांगते. इंचाला साठ बाणे, साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, झाले जवळपास १३,००० बाणे. प्रत्येकाला तीन धोटे. एका साडीत धोटा ३९,००० वेळा हातातून जातो. हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, जिमची गरज नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसवर गेला की हवेत ओल राहत नाही, कोशाचा धागा कडाकड तुटतो. लोक विचारतात, अजून खड्ड्याचा माग कशाला? जमिनीची ओल ताण्याला लागते म्हणून. मी खड्ड्यात ओली पोती टाकते आणि पहाटे चारला बसते, दहाला उठते. कूलर लावला तर ताण्यावर वारा बसतो. पावसाळ्यात उलट, खळ वाळत नाही, ताणा बुरसतो. म्हणजे नागपुरात विणायला सोयीचे महिने थोडे, आणि गिऱ्हाइकाला साडी हवी असते ती नेमकी मेच्या लग्नाला.

हे सगळं करून विकायचं कसं, तर तीही गोष्ट आहे. एका बुटीकवाल्या बाईंनी माझ्या तीन साड्या जांगड, म्हणजे विकल्या गेल्या तर पैसे या बोलीवर, नेल्या. आठ महिने फोन केला की, "हो ताई, बघतायत लोक." आठ महिन्यांनी तिन्ही परत. एकीच्या पदराला पिनेची भोकं, म्हणजे कोणीतरी नेसून मिरवून आलं होतं. दुसरीच्या घडीवर काळसर रेघ. तिसरी धड होती, पण तिच्यावर माझ्या किमतीच्या तिप्पट किमतीची चिठ्ठी तशीच अडकलेली. त्या चिठ्ठीनं मला जास्त शिकवलं. त्यानंतर मी जांगड बंद केली आणि माझी स्वतःची किंमत दीड हजारानं वाढवली. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

सरकारचं नाव घेऊन रडायचं नाही असं मी ठरवलंय. ओळखपत्र आहे, उद्यम नोंदणी आहे, करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, हातमागाचा शिक्का आहे. फक्त एका कार्यालयात कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात त्या बाबूंनी मला न विचारता 'गृहिणी' लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. ते म्हणाले, "ताई, काय फरक पडतो?" मी म्हटलं, फरक पडत नसेल तर विणकर लिहा. लिहिलं. कर्ज अजून मिळालेलं नाही, पण खोडलेला अर्ज त्यांच्या फायलीत आहे.

माझं मागणं लहान आहे. आम्हाला शेवटचे, अखेरचे, लोपणारे म्हणू नका. कापड चांगलं की वाईट ते लिहा. अमक्या विणकराचा काठ सैल आहे, तमक्याचा रंग जातो, अमकी साडी पैशाला महाग आहे, असं लिहा. हॉटेलाच्या तर्रीबद्दल तुम्ही लिहिता ना तसं. माझा काठ सैल असेल तर मी चिडेन, पण दुसऱ्या दिवशी आवळेन. 'मरणपंथ' यावर मी काय करू?

आणि यंत्रमागाच्या साड्यांवर करवती म्हणून चिठ्ठ्या डकवणाऱ्यांचं बघायला पोळ्याचा पाडवा जवळ आलाच आहे. मारबतीच्या मिरवणुकीत सगळा गाव 'ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडतो तेव्हा मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते. या वर्षी एक आरोळी माझी : खोटी करवती घेऊन जा गे मारबत!

बातमीदार ताईंना पुन्हा यावंसं वाटलं तर जरूर यावं, फोटोवाल्याला घेऊन यावं. फक्त मंगळवारी नको. मंगळवारी पहाटे पाऊस नसेल तर आमच्या गल्लीत पाजणी आहे, ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो, आणि मागच्या वेळी तुमच्या फोटोवाल्यांची मोटारसायकल त्यातूनच गेली होती.

आपली वाचक,
एक विणकर, तांडापेठ, नागपूर

(नाव व पत्ता वेगळ्या चिठ्ठीत दिला आहे. तो छापू नये. ऑर्डर द्यायची असेल त्यांना मात्र कळवावा, आगाऊ चाळीस टक्के.)